धीर देणे आणि भीड चेपणे

प्रश्न : मी नोकरी सांभाळून इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याचा प्रयत्न करते. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे वहीत एक मराठी अर्थ लिहून ठेवते. ‘एन्करेज’, ‘हार्टन’ आणि ‘एम्बोल्डन’ या तिन्ही शब्दांपुढे माझ्याकडून ‘धीर देणे’ असेच लिहिले गेले आहे. ‘मुलाखतीआधी मी बहिणीला धीर दिला’ या वाक्यासाठी मी ‘आय एम्बोल्डन्ड माय सिस्टर बिफोर हर इंटरव्ह्यू’ असे लिहिले, तेव्हा शिक्षिकांनी ‘एम्बोल्डन्ड’खाली रेघ ओढून ‘एन्करेज्ड’ लिहिले. वाक्याचे व्याकरण बरोबर असताना शब्द बदलण्याचे कारण काय?

उत्तर : आपल्या शिक्षिकांनी केलेली दुरुस्ती योग्य आहे, आणि तिचे कारण इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर उमगेल. मराठीत ‘धीर देणे’ वेगळे आणि ‘भीड चेपणे’ वेगळे. घाबरलेल्या माणसाजवळ बसून, त्याच्या पाठीवरून हात फिरवून आपण धीर देतो. भीड मात्र कोणी कोणाला देत-घेत नाही, ती एखाद्या अनुभवाने आपोआप चेपते. बैठकीत कधीही तोंड न उघडणारी व्यक्ती एकदा चाचरत एक प्रश्न विचारते, कोणी हसत नाही, उलट सगळे लक्ष देऊन ऐकतात, आणि पुढच्या बैठकीत तीच व्यक्ती उभी राहून आपला विरोध नोंदवते. मधल्या काळात तिच्या बाबतीत जे घडले, ते ‘एम्बोल्डन’ या क्रियापदाने नेमके सांगता येते. म्हणूनच इंग्रजी वाक्यात या क्रियापदाचा कर्ता बहुतेक वेळा धीर देणारा माणूस नसून यश, पाठिंबा, जमावाची साथ किंवा समोरच्याचे मौन असा एखादा प्रसंग असतो.

दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण शब्दकोशातील एका ओळीच्या अर्थात तो हरवतो. ‘एन्करेज’ या शब्दाला सहसा सदिच्छेचा गंध असतो. ‘एम्बोल्डन’ला तसा पक्षपात नाही. वर्गातील एखाद्या मुलाने शेजाऱ्याच्या दप्तरातून पेन्सिल काढली आणि पाहूनही कोणी काही बोलले नाही, तर दुसऱ्या दिवशी तो कंपासपेटीला हात घालतो; त्या मौनानेही त्याला ‘एम्बोल्डन’च केले. मराठीत यासाठी ‘सोकावणे’ हे अत्यंत समर्पक क्रियापद आहे. ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ या म्हणीचा उत्तरार्ध इंग्रजीत सांगायचा झाला, तर मी काळासाठी ‘एम्बोल्डन्ड’च वापरीन, तेथे ‘एन्करेज्ड’ फार सौम्य पडेल. वर्तमानपत्री इंग्रजीत हल्लेखोर, गुन्हेगार किंवा आक्रमक देश यांच्या संदर्भात हा शब्द वारंवार भेटतो, तो याच छटेमुळे.

ही छटा नवी नाही. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात हा शब्द आला आहे. जाणकार माणसाला मूर्तीच्या देवळात जेवताना पाहून दुर्बळ मनाच्या माणसाची सदसद्विवेकबुद्धीही नैवेद्याचे अन्न खाण्यास धजावेल, असा तेथील आशय आहे. त्याला कोणी आग्रह केलेला नाही, त्याने केवळ पाहिले आहे.

शब्दाची घडणही पाहण्यासारखी आहे. मधोमध ‘बोल्ड’, म्हणजे धीट. त्याच्या आधी ‘एन’ हा उपसर्ग आणि नंतर ‘एन’ हाच प्रत्यय, आणि दोहोंचाही अर्थ ‘तसे करणे’. ‘एन्लायटन’ या शब्दाची बांधणी अशीच आहे. मग ‘एन’चे ‘एम’ कसे झाले? ‘ब’ उच्चारण्यासाठी ओठ मिटावे लागतात, त्यामुळे आधीचा अनुनासिकही ओठ मिटूनच उच्चारला जातो. ‘आंबा’मधील आणि ‘संबंध’मधील पहिल्या अनुस्वाराचा उच्चार आपण ‘म्’ असा करतो, तो याच कारणाने. बोलताना आघात ‘बोल’वर द्यावा आणि पहिले अक्षर ‘इम्’सारखे ऱ्हस्व ठेवावे.

वाक्यरचनेविषयी एवढेच सांगतो की या क्रियापदानंतर ‘कोणाला’ हे सांगणारे कर्म येते आणि मग ‘टु’ लावून कृती येते. कर्मणी रूप विशेष रुळलेले आहे : ‘शी फेल्ट एम्बोल्डन्ड टु स्पीक’, म्हणजे तिला बोलण्याचे धाडस झाले. शब्द मुख्यतः लेखी भाषेतला आहे, गप्पांमध्ये तो जड वाटतो. स्वतःच मन घट्ट करून हिंमत एकवटण्याला इंग्रजीत ‘प्लक अप करेज’ म्हणतात, तेथेही ‘एम्बोल्डन’ चालत नाही. ‘हार्टन’चा अर्थ आपण लिहिला आहे त्याच्या जवळचा आहे, उमेद देणे, मनाला उभारी देणे असे त्यापुढे लिहावे.

आपल्या वहीत ‘एम्बोल्डन’पुढे ‘भीड चेपणे, धजावणे, सोकावणे’ असे तीन शब्द लिहावेत आणि बहिणीविषयीचे वाक्य शिक्षिकांनी दुरुस्त केले तसेच ठेवावे. मात्र मुलाखतीत तिचे पहिले उत्तर चांगले जमले असेल आणि त्या बळावर तिने पुढे पगाराविषयी स्वतःहून विचारले असेल, तर त्याखाली आणखी एक वाक्य अवश्य लिहावे : ‘हर फर्स्ट आन्सर एम्बोल्डन्ड हर टु आस्क अबाउट द सॅलरी’.