जर्राहवर लिहिताना

प्रिय मित्रा,

११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांतला एक विमान-अपहरणकर्ता झियाद जर्राह, त्याच्यावरचा तुझा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण त्याच्या बालपणाच्या प्रत्येक प्रसंगात तू भावी खुन्याच्या खुणा शोधतोस आणि नसलेला बादरायण संबंध जोडतोस. लेबनॉनमधलं खातंपितं सुन्नी घर, धर्माचं फारसं अवडंबर नाही, मुलगा ख्रिस्ती शाळांत शिकलेला. गरिबी, अपमान ही आपली नेहमीची कारणं इथे हाती लागत नाहीत. नाही लागत, तर तसं लिही. यादवी युद्ध होतं खरं. पण त्यात वाढलेल्या लाखो मुलांनी विमानं पळवली नाहीत.

१९९६ साली तो जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला आला, पुढच्या वर्षी विमान अभियांत्रिकीसाठी हॅम्बुर्गला. तिथे त्याला मोहम्मद अत्ताची, म्हणजे पुढे या हल्ल्यांचा म्होरक्या झालेल्या माणसाची, मंडळी भेटली. १९९९च्या अखेरीस अफगाणिस्तान, २००० साली फ्लोरिडात विमान चालवण्याचं प्रशिक्षण. हे तू पाच पानांत लिहिलंयस, एका पानात बसेल.

वाचवलेली जागा जुलै २००१ला दे. तेव्हा तो एकेरी तिकीट काढून जर्मनीत प्रेयसीकडे गेला. अत्ताशी त्याचं बिनसलं होतं, तो कटातून अंग काढून घेईल अशी भीती सूत्रधारांना वाटू लागली होती, आणि कटाचा समन्वयक रम्झी बिनालशिब याने त्याची मनधरणी केली. ऑगस्टच्या सुरुवातीला तो अमेरिकेत परतला. त्याच्यामागे कुणी बंदूक घेऊन उभं नव्हतं. ‘ब्रेनवॉश’ हा शब्द तू चार ठिकाणी वापरलायस. या जुलैपुढे तो टिकत नाही, खोडून टाक. ९ सप्टेंबरला मेरीलँडमध्ये पोलिसांनी त्याची गाडी वेगासाठी अडवली होती, २७० डॉलर दंड. त्यानंतरही दोन दिवस हातात होते.

फ्लाइट ९३चा, म्हणजे जर्राहने पळवलेल्या विमानाचा, भाग मात्र तू उरकलास, आणि मला राग आला तो इथे. नेवार्कहून उड्डाणाला उशीर झाला, ८.४२ वाजले. अपहरणानंतर जर्राहने प्रवाशांसाठी केलेली घोषणा जमिनीवरच्या हवाई नियंत्रकांना ऐकू गेली: मी कॅप्टन बोलतोय, विमानात बॉम्ब आहे. मागे बसलेल्यांना घरच्यांच्या फोनवरून न्यूयॉर्कची बातमी कळली होती. ९.५७ला ते कॉकपिटवर चालून गेले. १०.०३ला विमान पेनसिल्व्हेनियातल्या शँक्सव्हिलजवळच्या मोकळ्या रानात कोसळलं. प्रवासी आणि कर्मचारी मिळून ४० जण गेले. तुझ्या मसुद्यात त्यांना दोन ओळी आहेत आणि जर्राहच्या देखणेपणाला एक परिच्छेद!

आदल्या दिवशी त्याने प्रेयसीला लिहिलेलं पत्र पत्ता चुकल्यामुळे अमेरिकेत परत आलं आणि तपास यंत्रणेच्या हाती पडलं. त्यात तिने आपला अभिमान बाळगावा, असं तो सांगतो. हा तपशील ठेव, पण त्यावर भाष्य नको. आणि तिचं नाव काढ. या प्रकरणात ती स्वतःच्या मर्जीने आलेली नाही.

सुधारलेला मसुदा पाठव, मग फोनवर बोलू.

तुझा,
काका