इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावावर दिसलेला उंच राखाडी पक्षी सारस की राखी बगळा?

उडताना पाहिलात का? मग प्रश्न तिथेच मिटतो. बगळा उडताना मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडून घेतो, सारस मान सरळ पुढे ताणतो.

फक्त बसलेल्या पक्ष्याचा फोटो असेल, तर डोकं बघा. सारसाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग उघडा, लालभडक. जणू कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढलाय. राखी बगळ्याचं डोकं पांढरं, डोळ्यावरून मागे काळी शेंडी. उंचीतही फरक मोठा: बगळा जेमतेम १ मीटर, सारस पावणेदोन मीटरपर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच तोच.

दिसायला भाऊ वाटले तरी नातं दूरचं. सारस क्रौंच कुळातला. बगळ्याचा गण हल्ली करकोच्यांचा नव्हे, पेलिकनचा मानतात.

आणखी एक खूण: पक्षी झाडावर बसला असेल तर तो सारस नव्हेच. त्याचं मागचं बोट आखूड आणि वर असतं, फांदी पकडता येत नाही. त्यामुळे घरटंही जमिनीवर, उथळ पाण्यात किंवा भातशेतात. बगळे झाडांवर वसाहत करतात.

धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत बगळा निर्धास्त, सारस मात्र असुरक्षित. पाणथळी बुजल्या, विजेच्या तारा आडव्या आल्या. यशवंत सागर २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, त्यात सारसाचाही वाटा आहे.

रविवारी पोहे-जिलबी उरकून नऊला निघू नका. उजाडताच हातोदच्या बाजूने जा. सारसाची जोडी दिसली तर लांबूनच बघा.