वात्रटिका लिहायला बसलास तर

भाऊ, आधी अष्टाक्षरी हाताला बसव. ओळीत आठ अक्षरं, चारावर हलका थांबा. जोडाक्षर एकच धर. हे बघ:

कापसाले नाही भाव,
जावईच खाते भाव!

पहिला भाव बाजाराचा, दुसरा मिजाशीचा. चिमटा असा ओळीच्या शेवटी यावा. मधेच आला की हसू सांडतं. वऱ्हाडीत सुचलं तर वऱ्हाडीतच राहू दे, उगाच पुणेरी करू नको.

सिनेमाचं गाणं उलटवताना चाल तीच ठेव, विषय तेवढा तुरीवर, जळलेल्या विजेच्या डीपीवर आण. टोला सावकाराला, पुढाऱ्याला हाण; कर्जात बुडालेल्याला कधीच नाही, हे मात्र पक्कं.

दिवाळीनंतर भंडाऱ्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, तिथली खडी गंमत, म्हणजे लोकनाट्य बघ. टोल्याआधी नट किती थांबतो, ते कान देऊन ऐक.