वाचकांचे प्रश्न : रगडा, मारहाण आणि एमआय रूमचा कागद

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं लेकरू अग्निवीर म्हणून लागलंय, ट्रेनिंगला दुसऱ्या राज्यात आहे. फोनवर नीट बोलंना, परवा लईच खोदून विचारलं तर म्हणलं रात्री लाइट बंद झाली की पुढच्या बॅचची पोरं उठवतेत, कपडे काढून उभं करतेत, बेल्टनी मारतेत, एका पोराचा कान फुटला. उस्तादाला, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्याला, सांग म्हणलं तर म्हणतो सांगितलं की आणखीन मारतील. गावातले माजी फौजी म्हणतेत असंच असतंय, आम्ही बी खाल्लाय. त्याला घेऊन येऊ का वापस? — एक वडील, ता. कळमनुरी

उत्तर : भाऊ, आधी एक गोष्ट, त्याला पळून येऊ देऊ नका. बिगरसुट्टीचं गैरहजर राहणं हा आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम ३९ खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणजे ज्यानं मार खाल्ला तोच आरोपी होऊन बसतो आणि मारणारे मोकळे राहतात.

आता रगड्याचं, म्हणजे ट्रेनिंगमध्ये शिक्षा म्हणून घेतात त्या कसरतीचं. उस्ताद दिवसा ग्राउंडवर सगळ्यांसमोर फ्रंट रोल मारायला लावतो, पिट्ठू (पाठीवरचं ओझं) घेऊन पळवतो, त्यानं अंग दुखतं, रडू येतं, पण ते ट्रेनिंग आहे आणि पोरगा त्यातून तयार होतो. रात्री अंधारात कपडे काढून बेल्टनी मारणं कुठल्याच ट्रेनिंगमध्ये बसत नाही, तो सरळ गुन्हा आहे. हाताखालच्या जवानाला मारहाण करणारा ऑफिसर असो, जेसीओ (सुभेदार वगैरे) असो की हवालदार-नायक, कलम ४७ खाली कोर्ट मार्शल होऊन ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आता पुढच्या बॅचच्या पोराला रँक नसते, त्यामुळं त्याला ४७ लागत नाही असं कुणी सांगेल, आणि ते खरंय, पण शिस्त बिघडवणाऱ्या वागण्याला कलम ६३ आहे, तिथंही ७ वर्षांपर्यंतच. गावातल्या फौजी काकांचा मला आदर आहे, त्यांनी सोसलं हे खरं, पण त्यांनी सोसलं म्हणून तुमच्या लेकरानं सोसावं हे मला अजिबात मान्य नाही.

करायचं काय तर कलम २६ प्रमाणे तो आपल्या कंपनी कमांडरकडे तक्रार देऊ शकतो, आणि तक्रार कमांडरचीच असली तर त्याच्या वरच्याकडे. तोंडी सांगून थांबू नये, लेखी द्यावं, कुठल्या रात्री, कोण कोण होते, कुणी बघितलं, आणि जेवढं घडलं तेवढंच, तिखटमीठ लावू नये, कारण जाणूनबुजून खोटा आळ घेतला तर कलम ५६ उलटतं. तुम्ही पण घरून ट्रेनिंग सेंटरच्या कमांडंटच्या नावानं रजिस्टर पोस्टानं पत्र टाका, झेरॉक्स आणि पावती जपून ठेवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या पोराला लागलंय त्यानं एमआय रूममध्ये, म्हणजे फौजेच्या आतल्या दवाखान्यात, जाऊन खरं कारण सांगावं. भीतीपोटी पोरं काय सांगतात, बाथरूममध्ये घसरलो, व्हॉलीबॉल खेळताना लागलं. डॉक्टर तेच लिहितो. मग तोच कागद पुढं आयुष्यभर त्याच्या विरोधात बोलतो, अपंगत्वाचे पैसे मागायला गेलं की सर्व्हिसशी संबंध नाही म्हणतात, तसं अडलेलं एक प्रकरण पुढच्या पत्रात बघा.

प्रश्न : मॅडम, मी फौजेतून २०१६ ला मेडिकलवर बाहेर आलो. एका कानानं ऐकू येत नाही, झोप लागत नाही, घरच्यांवर ओरडतो. मेडिकल बोर्डानं आजाराचा सर्व्हिसशी संबंध नाही असं लिहिलं, डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर झाली. अपील केलं, तेही फेटाळलं. आता काय राहिलंय का? — माजी सैनिक, उदगीर

उत्तर : राहिलंय, आणि बरंच राहिलंय. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं धरमवीर सिंग प्रकरणात सांगितलंय की भरती होताना तुमच्या कागदावर आजाराची नोंद नसंल तर तुम्ही धडधाकट होता असं धरून चालायचं, आणि आजार सर्व्हिसमुळं झाला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर, जवानावर नाही. नुसतं संबंध नाही लिहून भागत नाही, बोर्डाला कारणं द्यावी लागतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आलेत खरे, पण ते त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी, तुम्ही २०१६ चे आहात.

आता जागा म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरण, आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, २००७ च्या कायद्यानं झालेलं, महाराष्ट्रासाठी त्याचं बेंच मुंबईला. शेवटचा आदेश मिळाल्यापासून ६ महिन्यांत जायचं असतं, उशीर झाला असंल तर कारण सांगून माफीचा अर्ज जोडता येतो, तेवढ्यासाठी घरी बसू नका. लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सगळे कागद घेऊन जा, अर्जाला मदत तिथं मिळते.

झोपेचं आणि ओरडण्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत पण मला ते कानापेक्षा जास्त काळजीचं वाटलं. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असंल तर मानसोपचाराचा डॉक्टर त्यात मिळतो, नसंल तर सरकारी दवाखान्यात जा, पण जा. वहिनींना सोबत न्या, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त दिसलेलं असतं.

प्रश्न : माझा भाऊ पण अग्निवीर आहे. आमच्या कॉलेजात रॅगिंगच्या विरोधात कायदा आहे, मग फौजेत कामून नाही? — एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : बाळा, बरोबर जागेवर बोट ठेवलंस. आपल्या राज्याचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा, पण तो कॉलेज-होस्टेलसाठी. फौजेत वर सांगितलेली कलमं आहेत, पण तक्रार ज्यांच्याकडं द्यायची ते पण त्याच युनिटचे, तपास करणारे पण आतलेच. मानवी हक्क आयोगाकडं जावं तर १९९३ च्या कायद्यातलं कलम १९ आडवं येतं, सैन्याच्या बाबतीत आयोग फक्त केंद्र सरकारकडून रिपोर्ट मागवू शकतो आणि शिफारस करू शकतो, स्वतः तपास नाही.

दक्षिण कोरियात २०१४ मध्ये सिनियर लोकांनी मारून मारून एका जवानाचा जीव घेतला, देश हादरला, मग जवानांच्या हक्कांचा वेगळा कायदा झाला, २०१६ पासून लागू आहे, आणि २०२२ पासून तिथल्या मानवी हक्क आयोगात फक्त सैनिकांसाठी एक अधिकारी बसतो, फौजेच्या बाहेरचा. अमेरिकेत ज्युडी चू नावाच्या खासदारबाईंचा पुतण्या मरीन, म्हणजे तिथल्या नौसैनिकी दलाचा जवान होता, २०११ मध्ये अफगाणिस्तानात सोबतच्यांनी छळल्यावर त्यानं स्वतःला गोळी घातली, तेव्हापासून त्या संसदेत हा विषय लावून धरतात. तिथं २०२१ मध्ये ब्रँडन अ‍ॅक्ट पण झाला, त्यात जवान कारण न सांगता मानसिक तपासणी मागू शकतो. ह्या देशांच्या फौजा काय त्यानं लेच्यापेच्या झाल्या का?

मला आपल्याकडं ह्या तीन गोष्टी कायद्यात पाहिजेतच असं वाटतं, युनिटबाहेरचा तक्रार अधिकारी, तक्रार देणाऱ्याला संरक्षण, आणि ट्रेनिंगमध्ये छळानं झालेली इजा आपोआप सर्व्हिसची धरणं. अग्निवीरांसाठी तर जास्तच, कारण ४ वर्षांनी २५ टक्केच ठेवणार, बाकीच्यांना साधारण ११.७१ लाख सेवानिधी (निघताना एकरकमी पैसे) मिळणार पण पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. सर्व्हिसमुळं अपंगत्व आलं तर टक्क्यांप्रमाणे १५, २५ किंवा ४४ लाख आहेत, पण परत तेच, सर्व्हिसमुळं हे कागदावर पाहिजे. आर्मीतली पहिली बॅच २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला लागली, म्हणजे त्यांची ४ वर्षं २०२७ च्या सुरुवातीच्या आसपास भरतात. तुझ्या खासदारांना हे लिहून पाठव, लोकसभेत प्रश्न विचारा म्हणावं, उत्तर सरकारला लेखी द्यावं लागतं. कॉलेजातल्या, ज्यांचे भाऊ फौजेत आहेत अशा सगळ्या मुलींच्या सह्या घे. पत्राचा मसुदा पाहिजे असंल तर मासिकाच्या पत्त्यावर कळव, मी करून देते.