अलाइनमेंटनंतर (चाकांचे कोन जुळवून घेतल्यावर) गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग डावीकडे वळलेलं राहतं. स्टिअरिंग काढून सरळ बसवलं तर चालेल का?

नाही, स्टिअरिंगला हात लावू नका. त्यात एअरबॅग असते, आणि शाफ्टवर एक दात सरकवला तरी स्टिअरिंग कितीतरी अंश फिरतं, त्यामुळे मध्य क्वचितच नेमका जुळतो. जुळला तरी रॅक (स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारी दातेरी पट्टी) मध्यावर येत नाही. एका बाजूला गाडी जास्त वळते, दुसरीकडे कमी. दुरुस्ती खाली, टाय रॉडवर (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावर) करायची.

अलाइनमेंट नुकतीच झाली आहे, म्हणजे एकूण टो (वरून पाहिल्यावर चाकं पुढे आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) बहुधा ठीक आहे, फक्त तो डाव्या-उजव्या टाय रॉडमध्ये चुकीचा वाटला गेला आहे. मशीनला चाकं दिसतात, स्टिअरिंग दिसत नाही. म्हणून टो लावण्याआधी इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, मध्यावर आणायचं आणि सीटला टेकणाऱ्या लॉकने पक्कं करायचं असतं. घाईत लॉक लावला जात नाही, किंवा टाय रॉडचं माप पक्कं धरणारं, गंजलेलं लॉकनट जोर लावून सोडवताना स्टिअरिंग सरकतं आणि ते कुणी पाहत नाही. त्यानंतरही प्रिंटवर सगळे आकडे हिरवेच येतात. तेव्हा प्रिंट दाखवून कुणी ‘सगळं ओके आहे’ म्हणालं, तर त्याला शेजारी बसवून सपाट रस्त्यावर एक चक्कर मारा. हे काम दुकानाने फुकट करून द्यायला हवं.

आधी चारही टायरची हवा तपासा. आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी सरळ ठेवायला स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागणं हा दोष नव्हे. तुमचं डावीकडे वळलेलं आहे, म्हणजे उतारावर खापर फोडता येणार नाही. हात सैल सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मात्र प्रश्न वेगळा. पुढचे टायर आपसात बदलून पाहा (फक्त एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले नसतील तर). ओढ बदलली तर दोष टायरचा. बदलली नाही तर कॅम्बर (समोरून पाहिल्यावर चाकाचा कल), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) किंवा चिकटलेला ब्रेक बघावा लागेल.

आता प्रत्यक्ष काम. टाय रॉड चाकाच्या आसाच्या मागे जोडलेला आहे की पुढे, ते वाकून बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो मागे असतो. मागे असेल आणि स्टिअरिंग डावीकडे असेल, तर डावा रॉड आखूड आणि उजवा तेवढाच लांब करायचा. पुढे असेल तर उलट. दोन्हीकडे बदल सारखाच हवा. एकाच बाजूला फिरवलात तर टो बिघडेल आणि टायर कडेने झिजेल. आट्यांचा पिच (एका फेऱ्यात रॉड सरकतो ते अंतर) बहुतेक ठिकाणी 1.5 मिमी असतो. दोन्ही रॉड एकेक पूर्ण फेरा फिरवले की स्टिअरिंग अंदाजे 10 अंश फिरतं, म्हणजे कडेवर मोजलं तर साधारण 3 सेंमी. 1.5 सेंमीचा फरक असेल तर अर्धा फेरा पुरे. दोन्ही बाजूंना उजवे आटे (घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर आवळणारे) असतील, तर एकाच बाजूने पाहिल्यावर दोन्ही रॉड एकाच दिशेला फिरायला हवेत. शंका असेल तर उघडे आटे आधी आणि नंतर मोजा, त्यात फसगत होत नाही.

गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, जॅक स्टँड लावा. फिरवण्याआधी रॅकच्या रबरी बूटची (आवरणाची) बाहेरची क्लिप सैल करा, नाहीतर बूट पिळवटून फाटतो आणि पाणी-धूळ रॅकमध्ये जाते. रॉडवर खडूची रेघ मारली की फेरे चुकत नाहीत. लॉकनट आवळताना रॉड दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर तो नटाबरोबर फिरतो आणि लावलेलं माप जातं. नट किती आवळायचं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं.

एवढं करूनही जमत नसेल, तर मागचा धुरा तपासा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागे सलग बीम असतो, तिथे टो लावायची सोयच नसते. खड्ड्यात आदळून बीम वाकला किंवा त्याचे बुश (जोडावरचे रबर) गेले, की मागची चाकं गाडीला तिरकी ढकलतात आणि सरळ जायला स्टिअरिंग वळलेलं धरावं लागतं. फक्त पुढच्या चाकांची अलाइनमेंट करणाऱ्या दुकानात हे कळणारच नाही. चारही चाकांना सेन्सर लावणाऱ्या ठिकाणी जा आणि थ्रस्ट अँगलचा (मागची चाकं गाडीला किती तिरकी ढकलतात त्या कोनाचा) आकडा मागून घ्या. वाकलेला बीम टाय रॉड फिरवून झाकू नका.

गाडीत ईएससी (घसरताना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर हे झाल्यावर स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणून घ्या. काही गाड्यांत ते न केल्यास डॅशबोर्डवर ईएससीचा दिवा लागतो.