दिवाळी सरली की मन मिटतं

"दुःख असं काही नाही हो. पण काहीच गोड लागत नाही."

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईंचं समुपदेशनाच्या पहिल्या भेटीतलं हे बोलणं. (ओळख पटू नये म्हणून वय, घर, नाती हे तपशील बदलले आहेत.) मुलगी पुण्याला नोकरीला, यजमान दिवसभर दुकानात, घरात सासूबाई. तुळशीचं लग्न लागलं की मन मिटायला लागतं ते थेट होळीपर्यंत, आणि असं होण्याचं हे तिसरं वर्ष. घरच्यांच्या मते हा आळस. बहीण रोज सकाळी मोबाइलवर सुविचार पाठवायची, वर "पॉझिटिव्ह राहा गं" असा फोन. बाईंना मात्र एकच गोष्ट खात होती: "सगळं चांगलं असूनही असं होतं, म्हणजे माझ्यातच काही खोट आहे का?"

थंडीच्या तोंडावर ग्वाल्हेरात ही तक्रार आमच्यापुढे नेहमी येते. "छे, खोट कसली" असं म्हणून मोकळं होणं सोपं, पण आधी तपासायला हवं. गेल्या दोन आठवड्यांवरचे नऊ प्रश्न असलेली पीएचक्यू-९ ही चाचणी त्यांनी भरली. २७ पैकी १३ गुण आले, म्हणजे मध्यम उदासी. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा असतो. तिथे शून्य होतं. एक गुण जरी असता तरी त्याच दिवशी नीट चौकशी करून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. चाचणीबाहेरचा आणखी एक प्रश्न आम्ही नेहमी विचारतो, कारण तो बहुतेक वेळा राहून जातो: कधी याच्या उलट झालंय का? झोप तीन तासांची, तरी अंगात वारं, बोलणं थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो? असं कधी झालं असेल तर रोज सकाळी उजेडात बसण्याचा उपचारसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये, कारण त्यानेही मन दुसऱ्या टोकाला उसळू शकतं. तसं काही नव्हतं. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासण्या डॉक्टरांकडून करून घेतल्या. बी-१२ कमी निघालं, त्याचं औषध सुरू झालं. तेव्हा पुढे जो फरक पडला त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि बाकीच्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

उपाय सांगण्याआधी आठवडाभराची वही मागितली. तासातासाला काय केलं, एवढंच लिहायचं.

वहीतून जे दिसलं ते कुणाच्याही घरात दिसेल. उठणं साडेआठला. पहिला चहा रजईत. थंडी आत येते म्हणून खिडक्या बंद, स्वयंपाकघर उत्तरेला, त्यामुळे ट्यूब दिवसभर चालू. आंघोळ साडेबाराला. आठवड्यात ऊन अंगावर पडलं ते दोनदा, तेही भाजीवाल्याच्या गाडीपाशी. दुपारी तीन ते पाच रजईत मोबाइल आणि झोप. चहा सहा कप, शेवटचा साडेसातला. रात्री डोळा लागायला एक. आणि माणसं? गणपतीपासून दिवाळीपर्यंत घर भरलेलं असतं. पुढे पौष पडला भाकड महिना, शेजारच्या हिंदी घरांत खरमास. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, येणंजाणं आटतं. पंचांगच त्या दिवसांत माणसाला घरी बसवतं.

ग्वाल्हेरात जूनअखेरीला दिवस पावणेचौदा तासांचा असतो, डिसेंबरअखेरीला साडेदहाच्या आत. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. मेंदूतलं घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं. सकाळचा उजेड ते वेळेवर ठेवतो, रात्रीचा उजेड ते उशिरावर ढकलतो. हिवाळ्यातल्या या उदासीला १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्र आजार म्हणून नाव दिलं, पण तो ठळकपणे दिसतो तो उत्तरेकडच्या, फार लहान दिवसांच्या देशांत. आपल्याकडे दिवस काही इतका आखडत नाही. आखडतो तो दिनक्रम. आकाशाने सव्वातीन तास काढून घेतले, उरलेला उजेड बाईंनी बंद खिडक्यांआड घालवला. हे त्यांना दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे स्वभावाचा दोष नाही?" स्वभावाकडे बोट दाखवावं असं त्या वहीत काही नव्हतं.

आकडे सांगितले की लोकांना पटतं. ट्यूब लावलेल्या खोलीत उजेड साधारण १०० ते २०० लक्स (उजेड मोजायचं माप). थंडीतल्या निरभ्र सकाळी, सूर्य थोडा वर आल्यावर, गच्चीवर १० हजारांच्या आसपास किंवा जास्त. दाट कोहरा, म्हणजे धुकं, असलं तरी हजार-दोन हजारांच्या पुढे. म्हणून "आज ऊनच नाही, जाऊन काय करू?" याला उत्तर एकच: जायचं. उन्हाची ऊब मिळणार नाही, उजेड मिळेल.

पहिला आठवडा फसला. बाईंनी हौसेने स्वतःच बेत आखला होता: पाचला उठणं, फूलबागेपर्यंत फिरणं, मग योगासनं. तिसऱ्या दिवशी कोहऱ्यात खोकला घेऊन परतल्या आणि पुढचे चार दिवस रजईत. हे फार जणांचं होतं. पाचला अंधारच असतो, घड्याळाला त्याचा उपयोग शून्य. वर थंडीत पहाटेची हवा धुराने जड असते, दमेकऱ्यांनी आणि हृदयरोग्यांनी तर त्या वेळी बाहेर पडूच नये. आणि साडेआठला उठणारं माणूस एका रात्रीत पाचला उठत नसतं. आम्ही उठायची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे आणली, पावणेआठवर थांबलो. उठल्यावर तासाभरात गच्ची, २५ मिनिटं. डोळे उघडे, गॉगल नाही, सूर्याकडे टक लावून बघायचं नाही. शाल, मोजे, हातात चहा चालेल. मोबाइल खाली.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. सकाळच्या या उन्हाने ड जीवनसत्त्व भरून निघेल असं समजू नये. हिवाळ्यात सूर्य खालून येतो, लागणारे किरण सकाळी जवळपास नसतात. त्यासाठी अकरा ते दोनचं ऊन थेट कातडीवर हवं, आणि बंद काचेआड तेही मिळत नाही. सकाळचं ऊन घड्याळासाठी, दुपारचं हाडांसाठी.

बाकीचे बदल थोडक्यात. आंघोळ साडेनऊच्या आत, कारण आंघोळ लांबली की बाहेर पडणंही लांबतं. दुपारची झोप तीनच्या आधी, गजर लावून २० मिनिटं. शेवटचा चहा चारला. रात्री नऊनंतर ट्यूब बंद, एक पिवळा दिवा.

मग खरा कस लागला. उदास माणूस म्हणतं, बरं वाटलं की करीन. बरं वाटायची वाट बघत बसलं की फेब्रुवारी उजाडतो. उलट्या क्रमाने जायचं असतं: आधी छोटं काम, मन मागून येतं. यासाठी वहीत चार रकाने आखले: वेळ, काय केलं, करण्याआधी मन दहापैकी किती, केल्यावर किती. बाईंच्या परवानगीने त्यातल्या तीन ओळी:

मंगळवार, ११.१५. गच्चीवर मटार सोलले, जाऊबाई होत्या. आधी २, नंतर ५.
मंगळवार, ३.००. रजईत मोबाइल, दोन तास. आधी ४, नंतर २.
बुधवार, ४.३०. पेटी काढली, एक अभंग. आधी २, नंतर २. "भाता फाटलाय."

दुसऱ्या ओळीवरून त्या बराच वेळ वाद घालत होत्या. रजई हाच तर दिवसातला सुखाचा भाग, असं त्यांचं म्हणणं. पण सहा दुपारींचे आकडे समोर होते, पाचदा मन खाली गेलेलं. आम्ही रजई सोडायला सांगितली नाही, मोबाइल खाली ठेवून २० मिनिटं झोपायला सांगितलं. तिसऱ्या ओळीतल्या पेटीला गुण वाढले नाहीत, तरी ती दुरुस्तीला गेली, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने बाई थेट महाराज बाड्याच्या चौकापर्यंत एकट्या जाऊन आल्या. तो दिवस ३ वरून ६.

जानेवारीत घरच्यांनी त्यांना मेळ्यात नेलं. १९०५ पासून भरणारा हा मेळा म्हणजे ग्वाल्हेरकरांचा हक्काचा आनंद. जाऊन न खुलणारं माणूस विरळा. बाई तीन तास फिरल्या, वहीत लिहिलं: आधी ४, नंतर १. घरी सगळे हबकले. यात नवल नव्हतं. यजमान दर दहा मिनिटांनी विचारत होते, "बरं वाटतंय ना?" आणि बाई स्वतःलाही तेच विचारत होत्या. कुंडीतलं बी रुजलं का ते रोज उकरून बघण्यातला हा प्रकार. शिवाय उतरलेल्या मनाला गर्दी, लाउडस्पीकर आणि तीन तासांची तंगडतोड झेपत नाही. पुढच्या रविवारी त्या फक्त जाऊबाईंबरोबर गेल्या, दुपारी, ४० मिनिटं. एक तिळाच्या गजकचा डबा, दोन बरण्या, घरी. यजमानांना विचारायची बंदी होती. आधी ४, नंतर ६.

दहा आठवड्यांत सहा भेटी झाल्या. शेवटच्या भेटीत पीएचक्यू-९ चे गुण ५. दोन-चार आठवडे असं सगळं करूनही गुण उतरले नसते, किंवा घरातली रोजची कामंच थांबली असती, तर औषधासाठी मनोविकारतज्ज्ञांकडे जायला आम्हीच सांगितलं असतं. गच्ची हा औषधाला पर्याय नव्हे. मध्यरात्री मन फारच खचलं तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

पुढच्या वर्षीचा बेत शेवटच्या भेटीतच ठरला. मन मिटतं तुळशीच्या लग्नानंतर, म्हणून गच्ची सुरू करायची कोजागिरीपासून, मन चांगलं असतानाच. पौषाच्या रिकाम्या गुरुवारी चार जणींची भिशी, उन्हात, दोन ते चार. आणि ऋतू पालटला की तक्ताही पालटायचा. एप्रिलपासून लू सुटली की हीच गच्ची नऊनंतर वर्ज्य, मग उजेड सहाला घ्यायचा आणि दुपारी कूलरसमोर पडदे ओढायचे. सासूबाईंनी हे सगळं ऐकून विचारलं, मटार कुठे सोलायचे मग? मे महिन्यात मटार नसतात, असं बाईंनीच उत्तर दिलं, आणि वहीत ती वेळ कैऱ्या चिरायला लिहून टाकली.