ड्रिंक्सवर हात आखडता घ्यावा का? ताईंचं उत्तर

प्रश्न: ताई, पुढच्या महिन्यात घरी पार्टी आहे, साधारण ४० माणसं, त्यातली पंचवीसेक पिणारी. जेवणाचा खर्च काही कमी होत नाहीये म्हणून मिस्टरांनी आता ड्रिंक्सवर मोर्चा वळवलाय. त्यांचा प्लॅन असा, स्वस्तातली व्हिस्की आणायची आणि घरात पडलेल्या भारी ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांत भरायची, सोडा-कोला मिळेल तो सगळ्यात स्वस्त, बर्फ घरच्या फ्रीजमध्ये होईल तेवढा, आणि न पिणाऱ्यांना सरबत जरा पातळ करून. मला ऐकूनच कसंतरी होतंय पण हिशोब बघितला की त्यांचंही पटतं. खरंच पैसे वाचतात का असं करून? (नाव छापू नका प्लीज)

उत्तर: अगं, बाटली बदलायची आयडिया त्यांच्या डोक्यातून आधी काढ. ज्याला चव कळते तो पहिल्या घोटात ओळखणार आणि ज्याला कळत नाही त्याला बाटलीवर काय लिहिलंय याने काही फरक पडत नाही, मग हे नाटक करायचं कोणासाठी? स्वस्त व्हिस्की आणायची तर आणा की, तिच्याच बाटलीतून द्या, कोल्यात मिसळल्यावर मधल्या दर्जाची आणि महागडी यातला फरक बहुतेकांना सांगता येत नाही. उलट भारी व्हिस्की कोल्यात ओतणं हीच खरी उधळपट्टी. फक्त जे नुसतं किंवा पाण्यातून घेतात अशा दोन-चार जणांसाठी एक बरी बाटली बाजूला ठेव, तेवढ्याने भागतं.

आता गंमत बघ, ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण १५० मिली सोडा किंवा कोला जातो, म्हणजे ग्लासात दोन तृतीयांशाहून जास्त तर मिक्सरच असतो! आणि मिस्टर नेमकी तिथेच कात्री लावतायत. बेचव, गॅस गेलेला सोडा असला की कुठलीही दारू वाईटच लागते. मोठी बाटली स्वस्त पडते हे खरं, पण ती एकदा उघडली की प्रत्येक वेळी गॅस निघून जातो, अर्धी रिकामी झाली की आणखीनच, आणि गरम असेल तर विचारूच नको कारण थंड पाण्यातच गॅस नीट विरघळून राहतो. एकाच वेळी भरपूर ग्लास भरायचे असतील तेव्हा मोठी चालेल, रात्री उशिरा तुरळक पिणाऱ्यांसाठी छोट्या ठेव. सगळ्या आधीपासून फ्रीजमध्ये.

बर्फाचं तर मी हात जोडून सांगते. ४० माणसांना घरच्या ट्रेमधला बर्फ पहिल्या तासातच संपणार. माणशी अर्धा किलो तरी धर, बाटल्या थंड करायला लागेल तो वेगळा. आणि फ्रीजरमध्ये कांदा, मासे यांच्या शेजारी बरेच दिवस उघडा पडलेला बर्फ ग्लासात टाकलास की तो वासही सोबत येतो बरं का. बारीक बर्फ पटकन वितळून ड्रिंक पाणचट करतो, मग लोक अर्धा ग्लास तसाच ठेवून नवीन भरून घेतात, म्हणजे वाचवायला गेलो बर्फ आणि सांडली दारू. सगळ्या यादीत बर्फाइतकं स्वस्त काही नाही, तिथे हात सैल सोड.

मग वाचवायचं कुठे? व्हरायटीत. व्हिस्की, रम, वोडका, जिन, दोन प्रकारची वाइन, बिअर असं दुकान मांडायची काही गरज नाही, दोन प्रकार पुरे आणि त्यांना लागणारे दोन मिक्सर. दुसरं म्हणजे पेगचं माप वापरा, हाताच्या अंदाजाने ओतलं की ३० चे ५० कधी होतात कळत नाही. ७५० मिलीच्या बाटलीत ३० चे २५ पेग बसतात, वाइनचे १५० मिलीचे ५ ग्लास, यावरून तूच मांड हिशोब. वाइन मात्र मोजूनच आण, उघडलेली बाटली चार-पाच दिवसांत उतरते, तीच व्हिस्की घट्ट बूच लावून महिनोन्महिने राहते, त्यामुळे व्हिस्की उरली तरी पैसे वाया जात नाहीत. साखरेचा पाक विकत आणू नको, साखर आणि पाणी समसमान घेऊन घरीच होतो, फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे आरामात टिकतो.

आणि न पिणाऱ्यांचं सरबत पातळ करायचं कुठून सुचलं गं? पिणाऱ्यांवर एवढा खर्च आणि त्या १५ जणांना रंगीत पाणी! लिंबू त्याच दिवशी पिळ, सोडा घाल, मीठ-साखर नीट घाल, दारूच्या एका पेगपेक्षा तेही स्वस्तच पडतं.

एकच गोष्ट गंभीरपणे सांगते. "ओळखीचा आहे, लूज देतो, निम्म्या भावात" अशी सील नसलेली दारू अजिबात नको. तिच्यात मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) असलं तर ते चवीवरून किंवा वासावरून कळत नाही, त्रास बऱ्याचदा १२ ते २४ तासांनी सुरू होतो, आधी हँगओव्हरच वाटतो, मग दिसायला धूसर होतं, डोळे कायमचे जाऊ शकतात, जीवही जातो. गाळून, उकळून घरच्या घरी ते काढता येत नाही. असं कोणाला झालंय वाटलं तर झोपवून ठेवू नका, थेट हॉस्पिटल.

प्रश्न: ताई, फिल्टर कॉफीचा एकदा वापरलेला चोथा परत वापरला तर चालतो का? पावडर फार महाग झालीय.

उत्तर: चालतो पण कॉफी लागत नाही. पहिल्या पाण्यातच आंबट-गोड चव आणि वास निघून जातो, मागे उरतो तो बहुतेक कडूपणा, दुसऱ्यांदा तोच येतो. त्यापेक्षा कप लहान घ्या. लिटरभर पाण्याला ६० ग्रॅमच्या आसपास पावडर हे प्रमाण ठेवा आणि बनवा तेवढीच जेवढी प्यायची आहे, कारण बहुतेक घरांत पैसे पावडरीत जात नाहीत, भांड्यात उरून सिंकमध्ये ओतलेल्या कॉफीत जातात.